घट्ट मन म्हणजे काय?

श्रीवर्धन तालुक्यांतील बोर्ली पंचतन व त्याच्या आसपासचीं गांवें नारळीपोफळीच्या बागांकरितां प्रसिद्ध आहेत. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाच्या चक्रीवादळानें ह्या किनाऱ्यास गांठलें. कांहीं तासांतच बागा आडव्या झाल्या व घरांचीं छपरें उडालीं. पोफळीच्या रोपास फळ धरण्यास सुमारें पांच ते आठ वर्षें लागतात. म्हणून ज्याची बाग गेली, त्याचें एका हंगामाचें उत्पन्न नव्हे, तर आयुष्याचा एक भाग गेला. पंचनाम्यांत झाडें मोजतां येतात. मनावर जें कोसळलें तें कोण मोजणार?

अशा प्रसंगीं घरच्या कर्त्या माणसास सांगण्यांत येतें, “मन घट्ट कर, डोळ्यांतून पाणी काढूं नको.” हा उपदेश मायेचा असतो, तथापि तो हिताचा आहे काय, ह्याचा विचार करूं.

प्रथम देहाकडे पाहावें. अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय व क्रोध ह्यांच्या वेळीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक रस रक्तांत उतरतो. त्यायोगें छाती धडधडते, पचन मंदावतें व रक्तांतील साखर वाढते. समोर साप आला असतां ही तयारी उपकारक होय. परंतु चिंता महिनोन्‌महिने मनांत राहिली, तर तीच तयारी देहास झिजविते. झोप उडते, अन्न अंगीं लागत नाहीं, रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. पुष्कळदां मनुष्य डोकेदुखी सांगतो; दुःख मात्र सांगत नाहीं.

आपल्याकडील खारजमिनीचा बांध सर्वांच्या पाहण्यांतला आहे. तो भरतीचें पाणी आंत येऊं देत नाहीं. परंतु त्यास उघाडीही ठेविलेली असते, आणि ओहोटीच्या वेळीं तींतून आंतलें पाणी बाहेर जातें. उघाडी नसेल, तर बांध कितीही भक्कम असो, आंतलें भात कुजतेंच. मनाचेंही तसेंच आहे. भावना दाबणें निराळें व ती सांभाळणें निराळें. हा राग आहे, हें भय आहे, हा शोक आहे, असें ओळखणें. रागाच्या भरांत शब्द न उच्चारणें. आणि विश्वासाच्या माणसापाशीं मन मोकळें करणें, ह्या गोष्टी शिकतां येतात. जागतिक आरोग्य संघटनेनें मुलांस शिकवावयाच्या दहा जीवनकौशल्यांत भावना व ताण सांभाळण्याची गणना केली आहे. लाजाराच्या कबरेपाशीं प्रभु रडला, तेव्हां पाहणाऱ्यांस त्यांत दुबळेपणा नव्हे, प्रीति दिसली.

येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. रोगाचीं कारणें अनेक असतात. “तूं मन आवरलें असतेंस, तर दुखणें आलें नसतें,” असें आजाऱ्यास म्हणणें अज्ञानाचें व निष्ठुरपणाचें आहे. तसेंच, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाहीं, त्यास शांतीचा उपदेश करण्यापूर्वीं पत्रे चढविण्यास हात लावावा. आणि शोक फार दिवस न हटे, किंवा जीव नकोसा वाटूं लागे, तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजूं नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मनाचें दुःख सांगतां येतें.

तर मग घट्ट मन तें कोणतें? ज्यास बांध आहे आणि उघाडीही आहे तें. परंतु जो ऐकतो तोच दुसऱ्याची उघाडी होतो. आज सायंकाळीं एखाद्या दुःखिताच्या ओटीवर जाऊन बसा; “कसें आहे?” म्हणून विचारा, आणि तो बोलूं लागला, म्हणजे उपदेशाची घाई करूं नका.