सुटलेला मासा

वाचकहो, गळाला लागलेला पण हाती न आलेला मासा आपण ‘गमावला’, असे म्हणता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. पन्नाशी ओलांडलेल्या आणि आयुष्याची बरीच वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात घालवलेल्या माणसाने त्यात गुंतावे, हे आपल्याला विनोदीही वाटेल. पण गेल्या नोव्हेंबरापासून हा प्रश्न माझ्या मेजावर येऊन बसला आहे, आणि तो केवळ माशाचा राहिलेला नाही. म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

रायपूरहून धमतरीमार्गे सुमारे ८० किलोमीटर गेले की महानदीवरील गंगरेल धरण लागते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते उभे राहिले. त्याच्या जलाशयाला रविशंकर सागर म्हणतात. छत्तीसगडात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, माशांच्या विणीच्या काळात, मासेमारीला बंदी असते. नोव्हेंबरापर्यंत पाणी निवळते आणि पहाटे त्यावर धुके तरंगत असते. अशा एका पहाटे ओळखीच्या एका केवट कोळ्याच्या डोंगीत मी बसलो होतो. डोंगी एवढी अरुंद, की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याने श्वास आवरावा. तिकडच्या बोलीत गळाने मासे धरण्याला ‘गरी खेलना’ म्हणतात. जाळे हा पोटाचा धंदा आणि गळ हा खेळ, असा भेद जणू त्या बोलीनेच करून ठेवला आहे. मला त्या खेळाचा छंद बाळपणापासून.

सातच्या सुमारास दोरी ताठ झाली. काठावरून मासा धरणाऱ्याच्या पायांखाली भूमी असते. डोंगीत तसे नाही. मोठा मासा लागला की तो डोंगीसकट आपल्याला ओढू लागतो, आणि कोणी कोणाला धरले आहे हेच कळेनासे होते. एका परीने ते बरे असते. होडी त्याच्यामागे सरकत राहिल्याने दोरीला एकदम हिसका बसत नाही, आणि ओझे ओढून मासा दमतो. भय असते ते तो डोंगीच्या खाली शिरण्याचे, कारण मग दोरी लाकडाच्या कडेवर घासते. अर्धा तास आम्ही असे त्याच्या मागे फिरलो. एकदा, फक्त एकदाच, तो वर आला. खवले नसलेली रुपेरी कूस, रुंद जबडा, लांब मिशा. केवट पुटपुटला, “पढिन.” आपल्याकडे याला शिवडा म्हणतात, गोड्या पाण्यातला हा मोठा शिकारी मासा मीटरभराहून अधिक वाढतो, आणि आता तो विरळ होत चालला आहे. मग तो डोंगीखाली गेला आणि दोरी सैल पडली.

ती लाकडावर घासून तुटलेली नव्हती. तुटली होती गाठीजवळ. गाठ ही मुळातच दोरीची दुबळी जागा, आणि आदल्या खेपेला तेथेच दोरी खरबरीत झालेली माझ्या बोटांना जाणवली होती. नवी गाठ मारायला दोन मिनिटे पुरली असती. मी मारली नव्हती.

केवटाने वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि तो शांतपणे म्हणाला, “पानी के रहिस गुरुजी, पानी म चल दिस.” पाण्याचा होता, पाण्यात गेला. परतताना जलाशयाच्या मध्याकडे हनुवटीने खूण करून त्याने सहज सांगितले, की त्याच्या आजोबांचे घर आणि शेत तेथे खाली आहे. मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर मी तो मासा दहा किलोंचा सांगितला. रविवारी उपासनेनंतर तो पंधरा किलोंचा झाला होता. नाताळाच्या सुमारास एका तरुण पाळकांसमोर माझे दोन्ही हात किती लांब पसरले होते, ते मी येथे लिहीत नाही. खोट्या तराजूविषयीचे नीतिसूत्र मराठीत नीट कसे उतरावे यावर मी पूर्वी एक अख्खी दुपार घालवली आहे; पण जो मासा तराजूत पडलाच नाही, त्याच्या वजनाबाबत माणूस किती निर्धास्त होतो! योहानाने आपल्या शेवटच्या अध्यायात जाळ्यातल्या माशांचा आकडा दिला आहे, १५३. हाती आले म्हणून ते मोजता आले. हाती न आलेल्याला आकडा नसतो, म्हणून तो वाढतच जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडच्या आयझॅक वॉल्टन याने गळाच्या मासेमारीवर लिहिलेले ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक १६५३मध्ये निघाले आणि आजही वाचले जाते. त्यात एका शिकाऊ माणसाचा मोठा ट्राउट मासा दोरी तोडून जातो. तो हळहळतो, तेव्हा त्याचा गुरू त्याला समजावतो, की हा मासा गमावला असे म्हणूच नये, कारण जे कधी आपले झालेच नव्हते ते कोणी गमावू शकत नाही. तर्क निर्दोष दिसतो. तोटा मांडायचा तर आधी वहीत जमा असावी लागते. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेल्या हेमिंग्वेच्या कादंबरीतल्या म्हाताऱ्याचे दुःख वेगळे. त्याने मासा जिंकला होता, होडीला बांधला होता, आणि मग शार्क माशांनी तो खाल्ला. त्याच्या वहीत जमा होती. माझ्या वहीत काय होते? पाण्यावर क्षणभर दिसलेली एक कूस.

तरीही त्या तर्काने मला समाधान मिळेना, आणि सवयीप्रमाणे मी शब्दांकडे वळलो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘अपोल्लुमी’ या एकाच क्रियापदाने पुष्कळ काम केले आहे. नाश करणे, गमावणे, आणि दुसऱ्या रूपात नाश पावणे, हरवणे, हे सारे त्यात बसते. लूकच्या पंधराव्या अध्यायातील मेंढरू, नाणे आणि पुत्र, तिघेही त्याच एका शब्दाने हरवले आहेत. मराठीत मात्र आपल्याला निवडावे लागते. हरवते ती आधी जवळ असलेली वस्तू. गमावतो ते बहुधा आपल्याच चुकीने. नेम हुकतो, गाडी चुकते. आणि मग एक शब्द असा आहे, ज्याच्या तोडीचा शब्द मला दुसऱ्या भाषांत सहज सापडलेला नाही: मुकणे. मुकण्यासाठी वस्तू आधी हाती असावी लागत नाही. जन्मतःच आई गेलेले लेकरू आईच्या मायेला मुकते, आणि ती माया तर त्याने कधी चाखलेलीही नसते. त्याला वॉल्टनच्या त्या गुरूचा तर्क कोण ऐकवील?

ऐकवणारे असतात, वाचकहो. हे मी जाणून लिहितो.

आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझी पत्नी गरोदर होती. तिसरा महिना संपत आला असता मूल पोटातच गेले. मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ भेटायला आले. मनाने ते खरोखरच चांगले होते. जे पदरात पडलेच नव्हते त्याचे दुःख किती करायचे, देव दुसरे देईल, असे ते म्हणाले. मी मान डोलावली. इतकेच झाले असते तर दोष त्यांच्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो. पण ईश्वरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी मी नुकतीच घेतली होती, आणि त्या रात्री तेच विचार मी तिला अधिक सुबक शब्दांत ऐकवले. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. ऐकत असावी असे मला तेव्हा वाटले.

पुढे आम्हाला मुलगी झाली, आणि मला वाटले की हिशेब मिटला. सुरुवातीच्या महिन्यांत असे जे गर्भ जातात, त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत कारण गुणसूत्रांतील दोषात असते, आईच्या हातून काही घडलेले नसते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळले. मी ते तिला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी त्या आठवड्यात पाण्याचा हंडा उचलला होता.” इतकी वर्षे तो हंडा तिच्याजवळ होता आणि मला ठाऊक नव्हते. येथे मला माझी गाठ आठवते. माशाच्या बाबतीत चूक खरोखर माझी होती, आणि मी ती हसत हसत चारचौघांत सांगत हिंडलो. तिची कसलीच चूक नव्हती, आणि ती कोणाला सांगूही शकली नाही. तिने जे कधी पाहिलेही नव्हते, त्याचे वय ती मोजत आली आहे. आज ते सव्वीस वर्षांचे असते, हे तिने मला एकदाच, पोळ्या लाटताना सांगितले.

वॉल्टनवर मी काही दिवस रागावलो होतो. पण त्याचे चरित्र वाचल्यावर तो राग टिकेना. त्याची पहिली पत्नी रेचल १६४०मध्ये वारली, आणि तिच्यापासून झालेली त्याची सातही मुले लहानपणीच गेली. सात लहान शवपेट्यांमागून चाललेल्या त्या माणसाला गमावणे म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नव्हती. माझी समजूत अशी, की त्याला ते ठाऊक होते म्हणूनच माशाच्या हळहळीला तो तो शब्द वापरू देईना. नदीकाठी, दोन मित्रांमध्ये, एका माशापुरते बोललेले ते वाक्य आहे. चूक झाली ती ते तेथून उचलून शोकाच्या घरात नेणाऱ्यांची, म्हणजे माझ्यासारख्यांची.

केवटाचे बोलणेही मी आता निराळ्या रीतीने ऐकतो. पाण्याचा होता, पाण्यात गेला, असे म्हणण्याचा अधिकार त्याला होता, कारण त्याच्या घराण्याचे अंगणही त्याच पाण्यात गेले होते. तेच वाक्य धरण बांधणाऱ्याने त्याच्या आजोबांना ऐकवले असते तर? शब्द तेच, पण तेव्हा ती निंदा झाली असती. जे माझ्याजवळ नव्हतेच त्याचे दुःख कशाला, हे माणूस स्वतःला सांगू शकतो. कधी कधी सांगावेही लागते. दुसऱ्याला मात्र ते सांगता येत नाही, कारण त्याच्याजवळ काय होते हे बाहेरून दिसत नसते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोपर्यंत ते मित्र होते. मग ते बोलू लागले, आणि त्यांचे बोलणे ऐकताना मला नेहमी माझाच आवाज ऐकू येतो. व्याकरणशुद्ध, सुसंगत, संदर्भांसह.

अजून एक शब्द उरला आहे. ‘मासा सुटला’ असे आपण म्हणतो, आणि ते म्हणताना आपला चेहरा पडलेला असतो. पण सुटणे आणि सुटका ही एकाच घरची. १२४व्या स्तोत्रात पारध्याचा पाश तुटतो आणि पाखरू उडून जाते, आणि गाणारा त्या पाखराच्या बाजूने गातो. त्या संध्याकाळी पारधी रिकाम्या हातांनी घरी गेला असेल. त्याचे स्तोत्र कोणी लिहिले नाही. हबक्कूक संदेष्टा तर गाऱ्हाणे करतो, की माणसांनाच समुद्रातल्या माशांसारखे केले आहे आणि शत्रू त्यांना गळाने वर काढीत आहे. ही वचने मी वर्षानुवर्षे हाताळली आहेत. पण गळाची दोरी स्वतःच्या बोटांत असताना ती कोणाच्या बाजूने बोलतात, हे मी कधी तपासले नव्हते.

त्या दिवशी दुपारी मी घरी पोचून पत्नीला सारी हकिगत सांगितली. धुके, डोंगीचे ओढले जाणे, ती कूस, ते दहा किलो. तिने सगळे ऐकून घेतले. माशाच्या वजनाविषयी तिने काही विचारले नाही. विचारले ते इतकेच, “अहो, त्याच्या जबड्यातला गळ निघेल का हो आता?”

मी म्हणालो, लोखंडाचा आहे, गंजेल हळूहळू. पण गळाला टोकाशी उलटा काटा असतो, आणि रुतलेला गळ मागे सरकू नये म्हणूनच तो केलेला असतो, हे मला माहीत होते. ते मी तिला सांगितले नाही.

जानेवारीत मी पुन्हा गंगरेलला गेलो. जाण्यापूर्वी डबीतले सगळे गळ बाहेर काढून प्रत्येकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला. केवटाने गळ हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. असल्या गळावरून जास्त मासे सुटतात, असे त्याने मला बजावले. मी म्हटले, ठाऊक आहे. मग आम्ही दोरीची गाठ नव्याने मारली आणि डोंगी पाण्यात लोटली.