नशिबात नव्हते, की तयारीत कमी पडले?



विधी शाखेच्या सीईटीचा निकाल लागला की राजापूर, जैतापूर, साखरी नाटे अशा आपल्या वस्त्यांतील काही घरांत एकच प्रश्न उभा राहतो. गुण मिळाले आहेत, पण मनासारखे नाहीत. मिळेल त्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी? वडीलधारी मंडळी पुष्कळदा एका वाक्यात विषय मिटवतात : तकदीरमध्ये नव्हते. हे वाक्य ईमानाचे वाटते, परंतु अनेकदा ते विचार टाळण्याचे निमित्त असते.

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता वाटेत सर्ग येथे त्यांना पुढच्या प्रदेशात प्लेग पसरल्याचे कळले. त्यांनी प्रथम मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना. दोन्हींकडे मतभेद झाले. कुरैशच्या वयोवृद्धांनी मात्र एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी असेल आणि दुसरी उजाड, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच चारले जातात. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना आहे. सड्यावरचा कातळ आणि खालचा हिरवा मळा रोज पाहणाऱ्या आपल्या गुराख्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा परीक्षा पुन्हा देणे हीही तकदीर आणि न देणे हीही. हिरवी बाजू कोणती, हे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

प्रिय विद्यार्थ्या, गुण कशामुळे कमी पडले ते आधी तपास. राज्याच्या या सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. तरीही वेळ न पुरल्याने तुझे वीस-पंचवीस प्रश्न कोरे राहिले असतील, तर उणीव सरावाची आहे आणि ती वर्षभरात भरून निघते. पण जीव ओतून अभ्यास केलास, सारे प्रश्न सोडवलेस आणि तरी एवढेच गुण आले, तर पुढच्या वर्षी वेगळे काय करणार, याचे उत्तर तुझ्याजवळ असले पाहिजे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटची गोष्ट निराळी. ती इंग्रजीतून होते, लांब उतारे वाचावे लागतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला तेथे वर्षाची तयारी खरोखर उपयोगी पडू शकते.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. त्या नावाची ओढ स्वाभाविक आहे. परंतु केवळ पाहुण्यांत सांगायला मोठे नाव हवे म्हणून वर्ष घालवणे मला पटत नाही. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यालाही वकिलीसाठी तीच अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, आणि न्यायालयात कोणी सीईटीचे गुण विचारत नाही. बारावीनंतर थांबायचेच असेल, तर बी.ए. किंवा बी.कॉम. करून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाण्याची वाटही खुली आहे.

इस्तिखाऱ्याविषयी एक गैरसमज आहे. दोन रकअत नफ्ल पढून झोपायचे आणि स्वप्नाची वाट पाहायची, असे अनेकांना वाटते. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. तेथे दुआ आहे : हे काम माझ्या दीन-दुनियेसाठी भले असेल तर सोपे कर, नसेल तर माझ्यापासून दूर कर, आणि भलाई जेथे असेल तेथे मला राजी ठेव. इस्तिखारा अल्लाहकडे, मशवरा जाणकारांशी. सूरह आलि इमरानमध्ये (३:१५९) क्रमही आला आहे : आधी सल्लामसलत, मग निश्चय, मग तवक्कुल. निश्चय झाल्यावर, तसे केले असते तर असे झाले असते, हा विचार उगाळण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. अरबीत या ‘जर’ला ‘लौ’ म्हणतात, आणि सहीह मुस्लिमच्या हदीसनुसार तो शैतानाला वाट उघडून देतो.

पालकांनो, मुलींबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाचे थांबलेले वर्ष बहुधा अभ्यासाचे वर्ष असते. मुलीचे थांबलेले वर्ष आपल्या घरांत स्थळे पाहण्याचे वर्ष होते, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. मुलीला थांबवायचे असेल तर ते वर्ष अभ्यासाचेच राहील, असा शब्द आधी द्या. तो देता येत नसेल तर याच वर्षी मिळणारा प्रवेश घ्या, मग ते महाविद्यालय लहान का असेना. वारसाहक्क, मेहर, तलाक यांच्या कज्जांत आपल्या बहिणींना आपले म्हणणे मोकळेपणाने सांगता येईल अशा स्त्री वकिलाची गरज आहे.

आणि राजापूरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या बांधवांना विनंती : प्रवेशाच्या दिवसांत जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास मशिदीत थांबावे. मुले गुणपत्रिका घेऊन येतील, मुलींसोबत त्यांचे वडील किंवा भाऊ येतील. मशवरा कोणाशी करावा, हाच आज त्यांचा पहिला प्रश्न आहे.