निश्चिंत आणि बेफिकीर

निश्चिंत आणि बेफिकीर हे दोन शब्द कोशात पाहिले तर सख्खे भाऊ वाटतात. चिंता नसलेला तो निश्चिंत आणि फिकीर नसलेला तो बेफिकीर. एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीच्या वाटेने आला, एवढाच काय तो फरक. पण बोलण्यात मात्र आपण या दोघांना कधी एका पाटावर बसवत नाही. मुलगी सुस्थळी पडली आणि बाप निश्चिंत झाला, असे आपण समाधानाने म्हणतो. त्याच बापाला कोणी बेफिकीर म्हटले, तर ती तक्रार असते. दाराची कडी लावून झोपलेला मनुष्य निश्चिंत आणि कडी न लावताच झोपलेला तो बेफिकीर. मौज अशी की झोप दोघांनाही सारखीच गाढ लागते. मग फरक नेमका कशात आहे? झोपेत तर तो दिसत नाही.

सुट्टीच्या बाबतीत हा प्रश्न फार निकडीचा होतो. सुट्टी घेतो तो मनुष्य चिंतेतून मोकळे होण्यासाठीच घेतो. आणि पर्यटनाच्या बोटीवर घालवलेली सुट्टी ही तर मोकळेपणाची परिसीमा समजली जाते. तिथे स्वयंपाक करायचा नाही, हॉटेल शोधायचे नाही, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची नाही, उद्या कुठे जायचे हेही ठरवायचे नाही. तेव्हा अशा बोटीवर चढण्याचा दिवस हा निश्चिंत आणि बेफिकीर यांची परीक्षा घ्यायला सर्वांत चांगला.

आमच्या माणिकपुरातल्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजी, आईवडील आणि दोन मुले. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून बोटीने गोव्याला जाऊन यायचे ठरले. आता वसईच्या माणसाला समुद्र नवा नाही. 1534 साली पोर्तुगीज इथे आले ते समुद्रावरून, आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा उरलेले पोर्तुगीज गेले तेही समुद्रावरूनच. इथला कोळी पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या काळोखात होडी लोटत आला आहे. पण समुद्रावर जायचे ते कामाला, पोटासाठी. सुट्टी घेऊन, पैसे मोजून समुद्रावर जायचे, ही गोष्ट आजीच्या पिढीला थोडी चमत्कारिकच वाटणार. तशी ती या आजीलाही वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी नातीने तिला समजावले, "आजी, तिथे तुला काही म्हणजे काही करायचं नाही हं! सकाळचा चहासुद्धा हातात आणून देणार."

"कोण आणून देणार?"

"अगं, बोटीवरची माणसं. त्यांचं कामच असतं ते."

आजीने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग त्यांची दिवाळी कधी गं?"

या प्रश्नावर घरात सगळे हसले आणि बॅगा भरण्याच्या गडबडीत तो तसाच राहून गेला. मला मात्र वाटते, त्या घरात त्या दिवशी विचारला गेलेला तोच एक खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मंडळी निघाली. वसई रोडला गाडी पकडली, नायगाव गेले, खाडीचा पूल आणि मधले पाणजू बेट मागे पडले. चर्चगेटला उतरून टॅक्सीने बॅलार्ड पियर गाठले. इथवर सारी चिंता ज्याची त्याच्याजवळ होती. बापाने बॅगा चार वेळा मोजल्या, आईने ओळखपत्रांची पिशवी पोटाशी धरली, आजी धाकट्याचा हात सोडायला तयार नव्हती. पण धक्क्यावर पोचल्यापासून एकेक चिंता कोणीतरी अलगद काढून घेऊ लागले. बॅगांना चिठ्ठ्या लागल्या आणि त्या निघून गेल्या; आता त्या थेट खोलीच्या दाराशी भेटणार. कागद तपासून परत मिळाले. प्रत्येकाच्या हाती एक लहानसे कार्ड आले. तीच खोलीची किल्ली आणि तेच पैशांचे पाकीट. बोटीत पाऊल टाकीपर्यंत आईचे दोन्ही हात रिकामे झाले होते, आणि त्या हातांचे काय करावे हे तिला काही वेळ सुचेना.

जुन्या कोकणी माणसाला हे वर्णन परीकथेसारखे वाटेल. त्याच्या आठवणीतला बोटीवर चढायचा दिवस भाऊच्या धक्क्यावरचा. वळकटी, ट्रंक, लोणच्याची बरणी, एका काखेत मूल आणि दुसऱ्या काखेत छत्री, अशा थाटात फळी ओलांडायची आणि डेकवर धावत जाऊन सतरंजी पसरायची. कारण जिथे सतरंजी तिथे आपले घर. हर्णे, दाभोळ, जयगड, अशी बंदरे येत. पुष्कळ ठिकाणी आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती दूर उभी राही आणि किनाऱ्यावरून आलेल्या पडावात हलत्या पाण्यावर उतरावे लागे. पावसाळ्यात तर सेवाच बंद. त्या प्रवासात चिंता दुसऱ्यावर टाकण्याची सोयच नव्हती. जो तो आपापली वळकटी वाही तशी आपापली चिंताही वाही. पुढे रस्ते झाले, कोकण रेल्वे आली, गेले शतक सरता सरता त्या आगबोटी इतिहासजमा झाल्या. 2018 साली 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर आली आणि 2021 च्या सप्टेंबरपासून 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागली, तोवर बोटीचा अर्थच बदलून गेला होता. पूर्वी बोटीतून गावाला जात; आता बोट हाच गाव झाला.

तर मग ती वळकटीबरोबरची चिंता गेली कुठे? माझे म्हणणे असे की ती कुठेच गेली नाही. चिंता नाहीशी होत नाही. ती फक्त खांदा बदलते.

आपण बोटीवर चढतो तो आपल्या सुट्टीचा पहिला दिवस. बोटीवरच्या माणसांच्या दृष्टीने तो बहुधा सर्वांत जड दिवस असतो. सकाळी आधीचे प्रवासी उतरायचे, दुपारपासून नवे चढू लागायचे, आणि मधल्या काही तासांत शेकडो खोल्यांतल्या चादरी बदलून, न्हाणीघरे घासून, भाजीपाल्याची पोती आणि पाण्याच्या पेट्या आत घेऊन बोट अशी सजवायची की जणू इथे आधी कोणी राहिलेच नव्हते. खाली यंत्रघरात कोणी तेलाच्या वासात उभा असतो. बंदराची खोली-उथळी ज्याला ठाऊक आहे असा पायलट बोट बाहेर काढून देतो आणि आपल्या होडीत उतरून परत फिरतो. पुढे 1875 पासून उभा असलेला कुलाब्याचा प्राँग्स दीपस्तंभ आणि त्यापलीकडचा खांदेरीचा दिवा वाट दाखवतात. धाकट्याच्या हातातले आइस्क्रीम वितळेपर्यंत एवढ्या खांद्यांवर त्याचा भार पडलेला असतो.

बोटीवरच्या कामगारांसाठी 2006 साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2015 साली भारताने तो मान्य केला. त्यात एक अट अशी आहे की कोणत्याही 24 तासांत कामगाराला निदान 10 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ही अट वाचून प्रथम बरे वाटते. मग मनात येते, दहा तासांच्या विश्रांतीसाठी जगभरच्या सरकारांना एकत्र बसावे लागले, तर उरलेले चौदा तास कसे जात असतील!

इथे कोणी म्हणेल, "अहो, आम्ही पैसे मोजले आहेत. फुकट थोडेच आलो?" हा आक्षेप खोटा नाही, आणि तो उडवून लावणे हा ढोंगीपणा ठरेल. पैसे देऊन दुसऱ्याचे श्रम घेण्यात पाप नाही. तुम्हीआम्ही दयेपोटी सुट्ट्या घेण्याचे सोडले, तर त्या कामगाराच्या घरची चूल पेटणार नाही. त्याला आपली हळहळ नको आहे. ठरलेला पगार, ठरलेली विश्रांती आणि माणुसकीची वागणूक हवी आहे. शिवाय एक गोष्ट विसरू नये. माणिकपुरातल्या त्या घरात आजवर बापाने जो निश्चिंतपणा भोगला, तो आईच्या खांद्यावर उभा होता आणि त्याचे तिकीट कोणी कधी काढले नव्हते. दिवाळीच्या चार दिवसांत चकल्यांच्या घाण्यापुढे ती बसायची आणि बाकीचे ताटावर बसायचे. आज तिच्या हातचे काम ज्याने घेतले त्याला निदान मोल तरी मिळते. या हिशेबाने बोटीवरची सुट्टी ही घरच्या पुष्कळ सुट्ट्यांपेक्षा अधिक न्यायाचीच म्हटली पाहिजे.

पण पैसे देऊन सगळीच चिंता दुसऱ्यावर सोपवता येते का? मला वाटते, येत नाही. आणि त्याची साक्ष त्याच दिवशी मिळते. बोट सुटण्याआधी भोंगा वाजतो: सात वेळा तोकडा, एकदा लांब. संकटाची ही खूण सर्व समुद्रांवर एकच आहे. ती ऐकली की आपापल्या नेमलेल्या जागी जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते पाहायचे, आपली होडी कोणती ते समजून घ्यायचे. काही बोटींवर आता ही माहिती पडद्यावर दाखवतात. तरी नेमलेल्या जागी जाऊन हजेरी ही द्यावीच लागते. सुट्टीच्या साऱ्या दिवसांत प्रवाशाकडे मागितले जाणारे काम हे एवढेच, फार तर अर्ध्या तासाचे. आणि सर्वांत जास्त कुरकुर होते ती याच्यावरच! चहा थंड होतो, फोटो राहतो, "आम्ही सुट्टीवर आलो आहोत की शाळेत?" असे कोणी बापमाणूस मोठ्याने म्हणतो.

या अर्ध्या तासामागे मोठा इतिहास आहे. 1912 च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर 2,200 हून अधिक माणसे होती आणि होड्यांत जागा होती 1,178 जणांची. त्यानंतर 1914 साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार झाला. तरीही 2012 सालापर्यंत नियम असा होता की ही कवायत प्रवासी चढल्यापासून 24 तासांत घेतली तरी चाले. त्या वर्षीच्या 13 जानेवारीला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही इटालियन बोट चिवितावेक्कियाहून सुटली आणि काही तासांतच जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आदळली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. 32 माणसे गेली. 2015 पासून नियम बदलला: कवायत बोट सुटण्यापूर्वी, नाही तर सुटताक्षणीच. म्हणजे आपण ज्याला कटकट म्हणतो, तो अर्धा तास कोणीतरी फार महाग किमतीला आपल्यासाठी घेऊन ठेवला आहे.

कवायतीत आणखी एक गोष्ट घडते. थोड्या वेळापूर्वी जो वाढपी "साहेब, आणखी काय आणू?" असे विचारत होता, तोच आता साहेबांना रांगेत उभे करतो आणि साहेब निमूट उभे राहतात. शेठजी, मास्तर, आजी, धाकटा, सर्वांना नारिंगी जाकिटाचा रंग एकच. तिकीट कोणत्या वर्गाचे, हे विचारायला त्या वेळी कोणी मोकळा नसतो. आपल्या शेजाऱ्याने पट्टा नीट बांधला आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणत्याही कंपनीला पगारी नोकरावर पूर्णपणे सोपवता आलेले नाही. तेवढी चिंता आपली आपल्याकडेच राहते.

आणि कधी कधी तर ज्याने ना पगार घेतला ना तिकीट काढले, तोच ती उचलतो. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ही माणसे सणाला घरी निघाली होती. त्या खवळलेल्या पाण्यात रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला चाललेले कोळी आले, आणि त्यांनी जेवढी जमतील तेवढी माणसे आपल्या होड्यांत ओढून घेतली. त्या माणसांची चिंता त्यांच्यावर कोणी सोपवली होती? कोणीच नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे वाटते. निश्चिंत माणसाला आपली चिंता कोणाच्या खांद्यावर आहे हे ठाऊक असते, आणि आपल्या वाट्याची जी उरते ती तो खाली टाकत नाही. बेफिकीर माणसाला वाटते की खांदा असा कुठे नाहीच; चहा आपोआप येतो, दिवा आपोआप लागतो. झोप दोघांची सारखी असेल, पण भोंगा वाजल्यावर उठणे सारखे नसते. यासाठी सुट्टी दुःखात घालवण्याचे कारण नाही. पोटभर खावे, पण ताटात टाकून उठू नये. चहा आणून देणाऱ्याला नाव विचारावे आणि दुसऱ्या दिवशी ते लक्षात ठेवावे. पोराला कठड्यावर चढू देऊ नये. आणि कवायतीला वेळेवर जावे.

त्या कुटुंबाचे काय झाले, असे कोणी विचारील. बोट सुटली, कुलाब्याचा दिवा मागे पडला, मुले नाचली, आईला गाढ झोप लागली. आजीने चहा आणणाऱ्याला त्याच्या दिवाळीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजी, करार संपला की घरी जातो. मग ज्या दिवशी पोचेन त्या दिवशी दिवाळी." आजीने पिशवीतून करंज्यांचा डबा काढला, बोटीवर बाहेरचे खाणे चालत नाही असे नातीने दहादा बजावले होते, तरी तो आलाच होता. आणि इकडे माणिकपुरात त्यांच्या बंद दारापुढे तिन्ही दिवस संध्याकाळी पणती लागत होती. किल्ली शेजारणीकडे होती, तेलही तिचेच होते.