त्याच्या नावाचं गाणं

सावकाश बसा. पाठ टेकू द्या, खांदे सैल सोडा. आज आपण फार दूरच्या एका मुलाजवळ थोडा वेळ बसणार आहोत. तो रोमानियाचा, बाकाऊ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. इटलीत तोरिनोला कामाला आहे. आज २४ डिसेंबर. सुट्टी मिळाली, पण घरी जाता आलं नाही. का, ते विचारू नका. कामाच्या पाळ्या, तिकिटाचे पैसे, ही कारणं परदेशी राहणाऱ्या सगळ्यांचीच असतात.

खोलीत त्याला करमत नाही. त्याचं मन रमवायला आपण आलेलो नाही. आज नेमकं काय दुखतंय, तेवढंच त्याच्याबरोबर बघू.

आधी वास आठवू. २० डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी, गावात घरोघरी डुक्कर कापतात. अंगणात जाळलेल्या गवताचा धूर, त्याच दिवशी शेजाऱ्यांना बोलावून परतलेलं ताजं मांस, मग सॉसेज भरणं आणि धुरी देणं. आजीचा मात्र १५ नोव्हेंबरपासून नाताळचा उपास चाललेला असतो, चाळीस दिवसांचा. ती सगळं रांधते आणि तोंडात काही घालत नाही. भट्टीतून निघणारा कोझोनाक, अक्रोड आणि कोको भरलेला गोड पाव, कापायला २५ तारीख उजाडावी लागते. हा वास क्षणभर त्याच्या खोलीत येऊ द्या. श्वास घ्या. सोडा.

आता कान. नाताळच्या आदल्या रात्री मुलांची, तरुणांची टोळकी दारोदार कोलिंदे, म्हणजे नाताळची गाणी, गात फिरतात. पुरुषांच्या टोळक्यांनी गायच्या या प्रथेची २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली, रोमानिया आणि मोल्दोवा दोघांच्या नावे. पुढे वर्ष सरताना त्याच्या भागात, त्रोतुश नदीच्या खोऱ्यात, खऱ्या अस्वलाचं कातडं पांघरून माणसं ढोलाच्या ठेक्यावर नाचतात. अस्वल कोसळतं, मरतं, पुन्हा उठतं. जुनं वर्ष जाऊन नवं येतं ते असं. लहानपणी तो या अस्वलांना घाबरून आईच्या मागे लपला असेल, आणि मोठेपणी स्वतः ते जड कातडं खांद्यावर घेऊन घामाघूम झाला असेल.

पण आपण कोलिंद्यांपाशीच थांबू, कारण दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

कोलिंदा हवेत गायचा नसतो. तो कोणाच्या तरी दारात उभं राहून, घरातल्या माणसाला उद्देशून गायचा. घरधन्यासाठी वेगळा असतो, लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी वेगळा, तरण्याबांड मुलासाठी वेगळा. गाणं संपलं की दार उघडतं. गाणाऱ्यांना गोल पाव, अक्रोड, सफरचंदं, पैसे मिळतात, मोठ्यांना त्सुइका नावाची घोटभर दारू. म्हणजे आज रात्री गावात त्याच्या वयाच्या मुलाचं गाणं गायलं जाणार आहे, आणि ज्याच्यासाठी ते गायचं तो तिथे नाही. इथे तोरिनोत रोषणाई आहे, चर्चच्या घंटा आहेत, रस्त्यात रोमानियन भाषाही कानावर पडते; इटलीत त्याचे दहा लाखांच्या आसपास देशबांधव आहेत. दारावर मात्र टकटक नाही. आपली वाट बघणारं इथे कोणी नाही, हे त्याला खुपतंय. बर्फ नाही, जेवण तसं नाही, ही त्याची बाहेर सांगायची कारणं.

हे त्याला एकदा पुरतं जाणवू द्या. घाई नको.

मग त्याच्या आईवडिलांचं तरुणपण आठवू. कम्युनिस्ट राजवटीत २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असे. सांताक्लॉजसारख्या मोश क्रचूनच्या जागी सरकारने मोश जेरिला, थंडीचा आजोबा, आणून बसवला होता. हुकूमशहा चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या तो दिवसही नाताळचाच, १९८९ चा. तेवढी वर्षं हा सण सरकारी सुट्ट्यांत नव्हता, तरी लोकांनी तो मोडू दिला नाही. सुट्टी, चौक, रोषणाई यांतलं काही नसतानाही चार माणसांत तो करता येतो, हे त्याच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता हात. रोमानियाहून इटलीत येणाऱ्या छोट्या बसगाड्या माणसांबरोबर पार्सलंही आणतात. पुण्याहून म्युनिकला फराळाचा डबा जातो तशी आईने एक पेटी पाठवली आहे. तीत खारवलेल्या कोबीचा अख्खा गड्डा आहे, धुरी दिलेल्या मांसाचा तुकडा आहे. सारमाले करायचे तर खिमा, तांदूळ आणि कांदा कालवून पानापानात गुंडाळायचा, पातेल्यात थर लावायचे, मध्ये ते मांस घालायचं आणि मंद आचेवर कित्येक तास ठेवायचं. सोबत मक्याच्या पिठाचा ममलिगा. एका गड्ड्याचे सारमाले एकट्याला संपत नाहीत. हा पदार्थ एकट्यापुरता करायची रीतच नाही. म्हणून त्याने पहिलं पान हातात घेण्याआधी उठावं, आणि शेजारच्या खोलीतल्या, त्याच्यासारख्याच घरी न गेलेल्या मुलाला रात्री जेवायला ये म्हणून सांगावं. तो कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, याने काही बिघडत नाही. आज रात्री निदान एकदा त्याच्या दारावर थाप पडेल आणि ते त्याला आतून उघडता येईल.

एकतीस तारखेला रात्री अकरा वाजता त्याचा फोन वाजेल. गावात तेव्हा बारा वाजलेले असतील. आई 'ला मुल्त्स आन' म्हणेल, पुष्कळ वर्षं जग. तेव्हा त्याला रडू आलं तर येऊ द्यावं.

आता त्याला त्याच्या कामाला लागू द्या. तुमच्या घरातलं, ओळखीतलं कोणी सणाला असंच दूर असेल, तर आजच फोन करा. 'बरा आहेस ना?' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी काय शिजवलंस आणि कोणाला बोलावलंस ते विचारा. आणि तुमच्या इमारतीत, गल्लीत, जवळच्या वसतिगृहात घरी जाऊ न शकलेलं कोणी असेल, तर तुम्हीच जाऊन त्याच्या दारावर थाप मारा.