भरवसा नाही, तरी मत

काकती बेळगावला जवळजवळ खेटून आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचं हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर. इथला माणूस बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला बेळगावला जातो. मतदार म्हणून मात्र तो बेळगावकर नाही. २००८ च्या फेररचनेत काकती यमकनमर्डी या अनुसूचित जमातीसाठी राखीव विधानसभा मतदारसंघात गेली आणि लोकसभेला तिचं मत पडतं चिक्कोडीत. बेळगावच्या खासदाराचं नाव रोज कानावर येतं, पण त्याला निवडण्यात किंवा पाडण्यात काकतीचा हात नसतो.

ज्यांना निवडायचं, त्यांची ओळख मात्र सगळ्यांना आहे. यमकनमर्डीत २००८ पासून काँग्रेसचे सतीश जारकीहोळी निवडून येत आहेत. त्यांचे भाऊ रमेश आणि बालचंद्र भाजपचे आमदार, तर आणखी एक भाऊ लखन २०२१ मध्ये अपक्ष म्हणून विधान परिषदेवर गेले. २०२४ मध्ये चिक्कोडीतून सतीश यांची कन्या प्रियांका लोकसभेवर निवडून आली. तिनं हरवलं अण्णासाहेब जोल्ले यांना, ज्यांच्या पत्नी शशिकला जोल्ले निपाणीच्या आमदार आहेत. पक्ष कुठलाही असो, आडनावं तीच.

त्यातून याच चिक्कोडी मतदारसंघातल्या अथणी आणि कागवाडची गोष्ट कुणालाही चक्रावून टाकील अशी. २०१८ मध्ये अथणीत काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी यांनी भाजपच्या लक्ष्मण सवदींना पाडलं. कागवाडात काँग्रेसचे श्रीमंत पाटील यांनी भाजपच्या राजू कागेंना. पुढच्याच वर्षी कुमठळ्ळी आणि गोकाकचे, तेव्हा काँग्रेसमध्येच असलेले रमेश जारकीहोळी यांनी राजीनामे दिले, पाटील विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर राहिले आणि काँग्रेस-जेडीएसचं सरकार कोसळलं. विधानसभाध्यक्षांनी तिघांना अपात्र ठरवलं. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा लढायची वाट मोकळी केली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही भाजपच्या चिन्हावर निवडून आले. कागवाडात पाटलांसमोर तेच कागे होते, आता काँग्रेसचे. २०२३ येईतो सवदीही काँग्रेसमध्ये गेले. माणसं तीच, फक्त चिन्हांची अदलाबदल.

अशा वेळी पारावर हमखास एक वाक्य येतं: ‘सगळे सारखेच, मत घालायचं तरी कुणाला?’ ही कुरकुर म्हणून सोडून देता येईल, पण तिच्या पोटात एक खरा नैतिक प्रश्न आहे. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्या नावापुढचं बटण दाबणं हा खोटेपणा आहे का? मत म्हणजे ‘हा माणूस चांगला आहे’ अशी साक्ष असेल, तर उत्तर ‘होय’ असंच येईल. मत म्हणजे अमुक एक गोष्ट घडावी किंवा टळावी म्हणून वापरायचं हत्यार असेल, तर हातातल्या हत्यारावर भक्ती असायची गरज नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी माणसाला यातला पहिला अर्थ पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीला दिलेलं मत हे उमेदवाराला दिलेलं मत नव्हतंच. ती ग्वाही होती: आम्ही इथं आहोत, आमचं म्हणणं मिटलेलं नाही. १९९६ च्या लोकसभेला या भावनेनं टोक गाठलं. बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते बहुतेक सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी. निवडून यायचा हेतूच नव्हता. मतपत्रिकेलाच निवेदन करून टाकलं होतं. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नासाठी ४८० जण उभे राहिले. दिल्लीनं त्यावर लगेच उत्तर शोधलं. सीमाप्रश्नावर किंवा नलगोंड्याच्या पाण्यावर नव्हे, उमेदवारांच्या गर्दीवर: लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजार झाली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले.

पुढे ग्वाहीचीही वाटणी झाली. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ मध्ये दोन गट एकमेकांसमोर उभे ठाकले आणि एकही आला नाही, २०२३ मध्येही नाही. ज्या मतदारानं कधी माणूस पाहून मत दिलंच नव्हतं, त्याला पहिल्यांदा माणसं पारखायची वेळ आली. तरीही साक्ष आणि हत्यार या दोन गोष्टी पुरत्या वेगळ्या करता येत नाहीत. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली. जिंकणाऱ्या भाजपच्या मंगला अंगडींची सतीश जारकीहोळींवरची आघाडी होती अवघी ५,२४०. ज्यांनी निव्वळ ग्वाही द्यायची म्हणून मत घातलं, त्यांच्या मतानंही निकालाचं गणित घडवलं.

मग कुणालाच नको म्हणावं? २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ‘नोटा’ची सोय करून दिली आहे. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून जास्त मतं पडली आणि तो चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. निकालावर परिणाम मात्र शून्य. विजयी उमेदवार लाखाच्या वर मतांनी पुढे होता. ‘नोटा’ ही स्वच्छ साक्ष आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच की स्वच्छ राहणं हे मतदाराचं सगळ्यात पहिलं कर्तव्य आहे का.

या प्रश्नाचा खल बेळगावात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आलं आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापली ती बेळगावात. ग्रंथाचा सारा रोख संन्यासाविरुद्ध होता: ज्ञान झालेल्यानंही लोकसंग्रहासाठी कर्म सोडू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात म्हटलंच आहे की आगीला जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेला असतो, म्हणून कर्म टाकायचं नसतं. टिळकांचं राजकारण याच वळणाचं. मिळतं ते घ्या, उरलेल्यासाठी भांडा. गांधींनी १९२० मध्ये उलट वाट धरली: सदोष कायदेमंडळात पाऊलच टाकायचं नाही.

आणि १९२४ च्या डिसेंबरात गांधी बेळगावलाच काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. असहकार तहकूब झाला आणि चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाला काँग्रेसच्या वतीनं कायदेमंडळात काम करायला मान्यता मिळाली. गांधींचं स्वतःचं मत बदललं नव्हतं. त्यांनी चरखा सोडला नाही आणि दासांना अडवलंही नाही. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे, आधी टिळकांचे कट्टर अनुयायी, पुढे गांधींचे. एकाच माणसानं दोन्ही वाटा चालून पाहिल्या आणि त्याला कुणी दलबदलू म्हटलं नाही, कारण त्यानं वाट बदलली ती खुर्चीसाठी नव्हे. पक्ष बदलला एवढ्यावरून माणूस पारखता येत नाही. बदलताना त्यानं काय कमावलं आणि काय गमावलं, ते पाहावं लागतं.

विश्वास उडाला याचं दुःख करताना तो मुळात किती ठेवायला हवा होता, हेही विचारायला हवं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. वारकऱ्यांच्या मुलखात हे पचायला जड जातं. विठ्ठलावर टाकायचा भार नेत्यावर टाकायची सवय लागली की नेता घसरल्यावर भक्त नास्तिक होतो आणि ‘सगळे चोर’ म्हणून घरी बसतो. आंधळी श्रद्धा आणि सरसकट अश्रद्धा, दोन्हींत तपासायचे कष्ट वाचतात. काकतीत मार्कंडेय साखर कारखाना आहे आणि ऊसपट्ट्यातला शेतकरी कारखान्याच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. म्हणून काही तो ऊस फडात वाळवत नाही; बाहेरच्या काट्यावर वजन करतो, पावती जपून ठेवतो आणि मग गाडी आत घालतो.

श्रद्धेचा एक बाजारही निवडणुकीत भरतो. आदल्या रात्री गल्लीतल्या देवळात ताटात भंडारा, वर बेलाची पानं, आणि पाकीट हातात ठेवण्याआधी ‘उचल’ म्हणून आग्रह, असे किस्से सीमाभागापासून कोल्हापूरपर्यंत ऐकू येतात. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर पाप लागतं, ही भीती वयस्कर माणसाला खरोखर छळते. कायद्याला ही भीती ठाऊक आहे. मतदाराला देवाच्या कोपाचा धाक घालणं १९२० पासून दंडविधानात गुन्हा होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही आहे. धर्माच्या अंगानं पाहिलं तरी लाच देऊन घेतलेली शपथ देवापुढची कशी ठरणार? तिथं देवाला साक्षीला बोलावलेलं नसतं, वसुलीला बसवलेलं असतं. अशी शपथ मोडणाऱ्यापेक्षा ती घ्यायला लावणाऱ्याचा हिशेब मोठा.

सगळे खरंच सारखे नसतात, हे अथणी-कागवाडच्या मतदारांनी २०२३ मध्ये दाखवलं. कुमठळ्ळी पडले, श्रीमंत पाटील पडले. निवडून आलेले सवदी आणि कागेही पक्ष बदललेलेच होते, त्यामुळे हा नीतीचा विजय म्हणता येणार नाही. पण निवडून आल्यावर मधेच पक्षाची साथ सोडणं आणि पुढच्या निवडणुकीआधी पक्ष बदलून मतदारासमोर उभं राहणं यात फरक आहे, आणि तो फरक करायची संधी लोकांनी घेतली. गोकाकात मात्र रमेश जारकीहोळी पुन्हा निवडून आले.

काकतीच्या मतदाराची अडचण आणखी एके ठिकाणी आहे. ग्रामपंचायतीला तो ओळखीच्या माणसाला मत घालतो. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं, सदस्याचं घर माहीत असतं आणि गटार तुंबलं तर दार ठोठावता येतं. आमदार-खासदार जाहिरातीतून भेटतात. या दोहोंच्या मधली पायरी तालुका आणि जिल्हा पंचायतीची. कर्नाटकात त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकांकडे गेला. माणूस जवळून पारखायची, छोट्या कामावरून मोठ्या पदासाठी जोखायची जी जागा, तीच बंद. हे असं का, ते विचारायला कुणा नेत्यावर विश्वास असावा लागत नाही, आणि प्रचाराची पहिली गाडी गावात शिरेल तेव्हा भोंग्याखाली उभ्या असलेल्या प्रत्येक उमेदवाराला ते विचारता येतं.