वजीर, वांगी आणि विसर्ग

बुद्धिबळ हा मुक्याने खेळायचा खेळ आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी मराठी माणसांना तो खेळताना पाहिलेले नाही. समोरच्या खेळाडूचे चित्त विचलित होईल असे काही करू नये, असे नियमांच्या पुस्तकात स्वच्छ छापलेले आहे. आमच्याकडे पट मांडतात तोच मुळी त्यासाठी. "खा, खा, घोडा खा. आज एकादशी नाही ना?" असे म्हटल्यावर समोरच्याने घोडा खाल्ला तर तो अधाशी ठरतो आणि नाही खाल्ला तर भित्रा. चालीमागे चार टोमणे पडले नाहीत, तर डावाला रंग चढत नाही.

आता पट मोबाईलमध्ये गेला. टोमणेही त्याच्यामागून आत गेले.

मी कोयनानगरला राहतो. इथे वर्षाकाठी साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही शहाण्यासारखा वर्षभर वाटून नव्हे, तर जून ते सप्टेंबर एकरकमी. या दिवसांत शेजाऱ्याकडे पट घेऊन जायचे, तर प्याद्यांना रेनकोट शिवावे लागतील. तेव्हा मोबाईलवर आम्ही पाच जण एकमेकांशी खेळतो. सांगलीचे मास्तर, डोंबिवलीचे बँकवाले, इंदूरच्या वहिनी, बंगळूरचा माझा एक पुतण्या आणि मी. एका चालीला तीन दिवसांची मुदत. पूर्वी पोस्टकार्डावर डाव चालत, त्या मानाने ही आगगाडीच म्हणायची. चाल सुचायला लागतात पाच मिनिटे. उरलेले तीन दिवस बोलायला मोकळे. साठी उलटलेली चार मराठी माणसे मोकळी सापडली की ती तब्येतीवर बोलतात, नाहीतर बागेवर. पैकी तब्येतीवर वहिनींनी पहिल्याच आठवड्यात बंदी घातली. "शुगर-बीपीचं कोणी काढलं, तर मी चालता डाव सोडून देईन," असे त्यांनी कळवले. राहता राहिली बाग.

त्यामुळे आमच्यात एक मिश्र भाषा तयार झाली आहे. "तुमच्या वजिराला मावा पडलाय, फवारणी करा," असे मास्तर लिहितात. बँकवाल्यांच्या गॅलरीत चार कुंड्या आणि एक मिरचीचे रोप आहे. त्यांनी किल्लेकोट केला, की "राजाला कुंडीत लावलात वाटतं," असे कोणीतरी म्हणतेच. मी उंट घालवला तेव्हा वहिनींनी विचारले, "भाऊजी, ही चाल होती की छाटणी?" (पुतण्या या वयात फक्त जिंकतो. त्याला अजून बाग नाही.)

मास्तरांचे तर विचारूच नका. एक तर ते सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले ते सांगलीत. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू तिथल्या. तेव्हा सांगलीचा माणूस हरला तरी घराण्याच्या गायकासारखा, परंपरेसह हरतो. दुसरे म्हणजे त्यांच्याकडे कृष्णाकाठची काळी माती आणि तिच्यातली वांगी. आमच्या तांबड्या मातीतल्या वांग्यांना ते 'सरकारी वांगी' म्हणतात. वर्षभरात दोन आली आणि त्यातले एक वानराने नेले, तर उरलेल्या एकाला सरकारी म्हटलेले झोंबतेच.

यावर माझ्याकडे एकच अस्त्र होते. मात्र ते १०५ टीएमसीचे होते. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला जाते, हा भूगोल मास्तरांना मी डावागणिक शिकवत असे. "मास्तर, वजीर मागे घ्या. नाहीतर धरणाचे सहाही दरवाजे दोन-दोन फूट उचलतो." माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. मोरीतला नळ मला धड बंद करता येत नाही, हे मास्तरांना ठाऊक होते. तरीही "विसर्ग किती क्युसेकचा सोडताय ते आधी कळवा, धोतर वर घेतो," असे त्यांचे उत्तर ठरलेले.

एवढ्यावर हा लेख संपला असता, तर बरे झाले असते. पण २०१९ चा ऑगस्ट आला.

पाऊस काय होता, हे सांगलीच्या आणि आमच्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. धरण भरत आले, दरवाजे खरेच उचलले गेले, आणि सांगलीला इर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ ची. महापूर कोणामुळे, कोयनेमुळे की अलमट्टीमुळे, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्या वादात पडण्याइतके पाणी माझ्यापाशी नाही. मला माहीत आहे ते इतकेच, की मास्तरांच्या घराचा तळमजला बुडाला, वांग्यांचे वाफे कुठे होते ते सापडेना, आणि तीस वर्षे जमवलेली बुद्धिबळाची पुस्तके फुगून पोळ्यांसारखी झाली. चार दिवस त्यांची काही खबर नव्हती. मग भावाच्या घरून निरोप आला : "माणसं सुखरूप. चाल उद्या करतो."

आणि आम्ही चौघेही एकदम सभ्य झालो.

आमच्या तोंडी तोवर कधी न आलेले शब्द येऊ लागले. 'कृपया', 'काळजी घ्यावी', 'सावकाश चाल करावी'. माव्याचे नाव नाही, छाटणीचे नाव नाही. विसर्ग हा शब्द तर व्याकरणातूनसुद्धा गेला. बँकवाल्यांनी त्याहून पुढची मजल मारली : त्यांनी मास्तरांच्या घोड्यासमोर आपला हत्ती नेऊन ठेवला. ओळीने तीन डावांत मास्तर जिंकले. चौथ्याला त्यांनी लिहिले :

"साहेब, हत्ती परत घ्या. घरात पाणी शिरलं होतं, डोक्यात नाही."

तेवढ्याने भागले नाही. दुसऱ्या दिवशी मला स्वतंत्र निरोप : "कोयनाकर, महिना झाला, तुम्ही एक शब्द वाकडा बोलला नाहीत. मी मेलो असं कुणी सांगितलं का तुम्हाला?" मी काय बोलणार? मुकाट्याने चाल केली. मग त्यांनीच चाल करून खाली लिहिले : "दरवाजे उचलायचे तर आता उचला. वांगी नाहीत. पुढच्या हंगामात परवडणार नाही."

सांगतो, मोबाईल हातात धरून मी हसलो आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. थट्टा कोणी, कोणाची आणि कुठवर करावी? आपल्या पूर्वजांनी याचा विचार केलाच नव्हता असे नाही. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, पण एकदाच, सर्वांसमक्ष, आणि वर मानपान घेऊन. शिमग्याच्या शिव्या शिमग्यापुरत्या. उलट मयसभेत एका पाहुण्याची फजिती झाली, लोक हसले, आणि ते हसणे पुढे द्यूताच्या पटावर वसूल झाले. मस्करीची कुस्करी म्हणतात ती अशी. पण शहाणी माणसे यावरून लगेच निष्कर्ष काढतात, की दुःखाची थट्टा करूच नये. मला ते पटत नाही. मास्तरांना आमच्या टोमण्यांनी काही झाले नव्हते. त्यांना लागला तो आमचा 'कृपया'. टोमणा मारणारा माणूस समोरच्याला निदान उत्तर देण्याच्या लायकीचा समजतो. हत्ती दान करणारा, कितीही भला असला तरी, समोरच्याला पटावरून उठवून पंगतीत बसवतो.

मग काय, कोणीही कोणाच्याही पुरावर विनोद करावा? तसेही नाही. इथे मला माझ्या लहानपणीची एक गोष्ट आठवते.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कितीतरी माणसे गेली, घरे पडली. त्यानंतर आम्ही बाहेर मुक्कामाला होतो आणि जमीन अधूनमधून हलतच होती. वडील आणि त्यांचे सोबती कंदिलाजवळ पट मांडून बसत. झोप कोणालाच येत नसे. एका रात्री हादरा बसला आणि एक प्यादे सरकून पुढच्या घरात गेले. "हात कुणी लावला?" म्हणून तंटा सुरू झाला. हात लावलेली सोंगटी चालवायची हा नियम, पण इथे हात जमिनीने लावलेला. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "तिला खेळू द्या रे एक चाल. माझं घर घेऊन तिचं समाधान झालेलं दिसत नाही." सगळे इतके हसले की आम्ही मुले जागी झालो. दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेल्या एका पाहुण्याने तोच विनोद, तेच शब्द वापरून, चहा पिताना सांगितला. कोणी हसले नाही. कपबशीचा तेवढा आवाज झाला.

वाक्य एकच. फरक होता तो सातबाऱ्याचा. जमिनीचा असतो तसा दुःखाचाही सातबारा असतो, आणि ज्याचे नाव मालक म्हणून लागलेले आहे त्याने बांधावर बोलावल्याशिवाय दुसऱ्याने तिथे नांगर घालायचा नाही. त्याने बोलावले तर मात्र जायचे. तिथे संकोचाने कुंपणाशी उभे राहणे हाही एक तऱ्हेचा अपमानच. अडचण एवढीच की या खात्याचा तलाठी कोणी नाही. उतारा ज्याचा त्याने अंदाजाने काढायचा.

हा अंदाज दोन वर्षांनी मलाच लावावा लागला. जुलै २०२१ मध्ये आमच्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. माणसे झोपेत गाडली गेली. वाचलेली किती तरी माणसे आसऱ्याला कोयनानगरला आली. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. माझे म्हणाल तर परसाची भिंत आणि वांग्यांचे दोन वाफे, एवढेच गेले. मोबाईल काही दिवस मुका. तो बोलू लागला तेव्हा कळले, की माझी तीन दिवसांची मुदत टळली आणि यंत्राने मास्तरांना विजयी ठरवले आहे. खाली मास्तरांची ओळ होती : "हा विजय मी धरत नाही. पट तिथूनच पुढे मांडू. आधी माणसं कशी आहेत ते सांगा, वांगी मागाहून."

मिरगावचा सातबारा माझ्या नावावर नव्हता. त्याबद्दल जेवढे सांगण्यासारखे होते तेवढे साधेपणाने सांगितले. वाफ्यांचा मात्र माझा होता. सांगलीला पुन्हा पूर होता, आणि मास्तरांचे अंगण पुन्हा पाण्यात आहे हेही समजले होते. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बांधावर बोलावले होते, आणि ते निमंत्रण मागे घेतल्याचे कानावर नव्हते. मी लिहिले, "मास्तर, आमची सरकारी वांगी शनिवारी इथून निघाली आहेत. इर्विन पुलावर लक्ष ठेवा."

उत्तर तासाभरात आले.

"पोचली. बिया फार आहेत."

तो डाव आम्ही पुढे खेळलो आणि मी हरलो. बँकवाल्यांचे म्हणणे असे, की यंत्राने दिलेला एक आणि हा एक, असे मास्तरांचे दोन विजय धरावेत. हिशेब म्हणजे हिशेब. वहिनी म्हणतात, एकच. पुतण्या म्हणतो, काका तसेही हरणारच होते. मास्तरांनी या वर्षी वाफे चौथऱ्यावर केले आहेत, चांगले तीन फूट उंच, आणि कोणत्या दरवाज्याने किती पाणी सोडले म्हणजे ते बुडतील, याचा हिशेब मला करायला सांगितला आहे.