सेवेतील समन्वय हीच पूजा

परमार्थात एकांतातील साधनेला मोल आहेच. तथापि वारकरी संप्रदायाने एकत्र चालण्यालाही साधनेचे स्थान दिले. आषाढी वारीचा पालखी सोहळा हे त्याचे मूर्तिमंत उदाहरण होय. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्यास प्रारंभ केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यास शिस्तबद्ध रूप दिले. त्यांस अंकलीच्या शितोळे सरकारांचे साहाय्य लाभले. भक्ती एकाची, वैभव दुसऱ्याचे, परिश्रम असंख्यांचे. सोहळा मात्र सर्वांचा!

प्रत्येक दिंडीचा वीणेकरी निराळा, पंगत निराळी. परंतु रथापुढे वा रथामागे तिचा क्रम ठरलेला असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावताच टाळ-मृदंग शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मगच आरती होते. लाखोंच्या समुदायात एका लहानशा दिंडीचे म्हणणे आरतीपूर्वी ऐकले जाते, यातच सोहळ्याच्या ऐक्याचे मर्म आहे.

हाच बोध देवस्थाने, तरुण मंडळे, महिला बचत गट व सेवाभावी संस्था यांनी घ्यावयाचा आहे. एकाच थांब्यावर तीन मंडळे खिचडी वाटतात, पत्रावळींवर अन्न वाया जाते आणि पुढील टप्प्यावर वृद्ध वारकरी पाण्याच्या घोटासाठी ताटकळतो. तिन्ही मंडळांचे दान निर्मळच असते; उणीव असते ती परस्परांना विचारण्याची. म्हणून सोहळ्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे. अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता अशी कामे वाटून घ्यावीत. मुक्कामाच्या गावातील ग्रामस्थांस व सफाई कामगारांसही त्या बैठकीत मानाने बोलवावे. कारण पालखी पुढे गेल्यावर मागे उरलेला कचरा त्यांनाच उचलावा लागतो. जमाखर्च सर्वांसमोर ठेवावा. फलकावर कोणाचे नाव मोठे, हा वाद मात्र उंबरठ्याबाहेरच राहू द्यावा.

ज्या संस्थेला सेवेत वाटेकरी खपत नाही, तिची सेवा नकळत स्वतःचीच पूजा होऊन बसते. जी दुसऱ्याचे गाऱ्हाणे आधी ऐकते व आरती मागाहून करते, तिची आरती श्रीचरणी खचितच रुजू होते.